गच्चीवरची तार आणि एक वर्ष: इंदूरहून शॉर्टवेव्ह-हॅम नादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या दिवाळीत पाडव्याला मी आमच्या गच्चीवर पहिली तार ताणली. २०२४ च्या दिवाळीपर्यंत ती तीनदा तुटली, दोनदा लांबली आणि एकदा तिच्यात संक्रांतीचा पतंग अडकला. या वर्षभरात सुदामानगरच्या शेजाऱ्यांपासून नात्यागोत्यापर्यंत सगळ्यांनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलंय. मी वीज खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई आहे, रेडिओची तज्ज्ञ नाही. नोंदी मात्र रोज ठेवल्या. मीटर रीडिंगचं एक कोरं जुनं रजिस्टर घरी पडून होतं, तेच सत्कारणी लागलं. खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच घेतली आहेत.

काकू, रात्री गच्चीत बसून तुम्ही नक्की करता काय?

ऐकते. शॉर्टवेव्ह म्हणजे लघुलहरी, साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ. या लहरी वातावरणाच्या वरच्या थराला आपटून परत जमिनीवर येतात, म्हणून हजारो किलोमीटरवरचं केंद्र मधे कुठलाही टॉवर नसताना आपल्या गच्चीत ऐकू येतं. या पट्ट्यात दोन प्रकारची मंडळी भेटतात. एक प्रसारण केंद्रं, म्हणजे बातम्या, गाणी, प्रवचनं. दुसरे हॅम, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने एकमेकांशी बोलणारे लोक. पहिल्यांचं ऐकायला काही लागत नाही. दुसऱ्यांचंही ऐकता येतं, पण त्यांच्याशी बोलायचं तर परीक्षा द्यावी लागते.

हे सगळं मोबाइलवर मिळत असताना हा खटाटोप कशाला?

मिळतं की. मटारही सोललेले मिळतात.

काय काय ऐकू येतं? मराठी येतं का?

संध्याकाळी ३१ आणि २५ मीटरवर सर्वात जास्त गर्दी. (पट्ट्यांची ही नावं लहरीच्या लांबीवरून; मीटर जितके कमी तितकी वारंवारता जास्त.) चायना रेडिओ इंटरनॅशनल तर इतकं दणकून येतं की नवशिक्याला वाटावं रेडिओत दुसरं काही नाहीच. त्यांची हिंदी सेवाही आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस इंग्रजीत मिळते. बीबीसी हिंदीचं लघुलहरींवरचं प्रसारण मात्र ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, ते शोधू नका. रेडिओ रोमानिया, एनएचके जपान, व्हॉइस ऑफ व्हिएतनाम, व्हॅटिकन रेडिओ हे सगळे रजिस्टरात आहेत. रोमानियाला ऐकल्याची नोंद पाठवली तर त्यांनी पोस्टाने चित्राचं कार्ड पाठवलं. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. पोस्टमनने ते सही घेऊन दिलं, कारण त्याला वाटलं कोर्टाचं काहीतरी आहे.

लघुलहरींवर मराठी कमीच. अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचे धार्मिक कार्यक्रम सोडले तर फारसं हाती लागलं नाही. पण रात्री दहानंतर मध्यमलहरींकडे वळा. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आणि पुणे ७९२ वर, मधूनमधून दबत, पण येतात. सासूबाई मूळच्या पुण्याच्या. थंडीत एका रात्री पुणे केंद्राचं नाव स्पष्ट आलं तेव्हा त्या पांघरुणासकट गच्चीत आल्या आणि निवेदिकेचा आवाज ऐकून म्हणाल्या, "हिला सर्दी झालीय." सर्दी नव्हती, सिग्नल विरत होता. त्यांना ते पटलेलं नाही.

रेडिओ सिलोन अजून लागतं का?

सत्तरीपुढचा प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो, तोही जरा आवाज खाली आणून. पूर्वीसारखं लागत नाही. पण त्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपलाच माणूस आहे. १९५२ पासून दहा वर्षं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री होते. त्यांना आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत हवं होतं, चित्रपटगीतं नकोत. मग श्रोत्यांनी सरळ काटा फिरवला आणि कोलंबो लावलं. अमीन सयानींचा आवाज घराघरात गेला तो याच फटीतून, २५ आणि ४१ मीटरवरून. दिल्लीला उपरती झाली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली.

२० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले. त्या रात्री मी मुद्दाम २५ मीटरचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला. चिनी, अरबी, एक कुठलासा धर्मोपदेश आणि खरखर. रजिस्टरात लिहिलंय: "सिलोन नाही."

कोणता रेडिओ घ्यावा?

दुकानदार शॉर्टवेव्ह म्हणून जे पाच-सातशेला देतात ते घेऊ नका. त्यात एकच केंद्र चार जागी लागतं. डिजिटल आकडे दाखवणारा आणि सिंगल साइडबँड, म्हणजे हॅम लोक बोलायला वापरतात ती पद्धत, घेणारा पोर्टेबल घ्या. सिंगल साइडबँड नसेल तर हॅम लोकांचं बोलणं बदकाच्या बोलण्यासारखं ऐकू येतं. टेकसनचे छोटे सेट पुरतात. माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा मर्फी असेल तर तो जरूर दुरुस्त करून घ्या, पण हौसेखातर. केंद्र नेमकं कुठे लागलंय ते त्याच्या काचेवर कळत नाही.

दुसरा रस्ता एसडीआर डाँगलचा, म्हणजे रेडिओचं बरंचसं काम संगणकातल्या सॉफ्टवेअरवर सोपवायचं. पेनड्राइव्हएवढी वस्तू लॅपटॉपला लावायची, मग सगळा पट्टा धबधब्यासारखा पडद्यावर दिसतो. भाच्याने मला ती दिली. उपयोगी आहे, पण लॅपटॉपचा स्वतःचाच गोंगाट तिच्यात शिरतो.

तार किती लांब आणि कसली?

नुसतं ऐकायचं असेल तर दहा-बारा मीटर साधी तांब्याची वायर पुरे, महारानी रोडवर कुठेही मिळते. शक्य तितकी उंच आणि घरापासून शक्य तितकी लांब. हॅमच्या ४० मीटर पट्ट्यासाठी नीट डायपोल, म्हणजे मधून दोन सारख्या भागांत तोडलेली तार, करायचा तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी २० मीटर आणि थोडं वर, म्हणजे मधून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. मधोमध कोअ‍ॅक्स केबल जोडायची.

दोन गोष्टी खात्यात असताना लोकांना सांगून थकले, तरी पुन्हा सांगते. तार विजेच्या लाइनच्या वरून, खालून, शेजारून कुठूनही न्यायची नाही. ती तुटली तर लाइनवर पडेल का, लाइन तुटली तर हिच्यावर पडेल का, हे आधी गच्चीत उभं राहून बघा. आणि मृगाच्या आधीच ढग गडगडायला लागले की केबल रेडिओतून काढून घराबाहेर टाका. माळव्यात मे अखेरीच्या विजा कशा असतात ते इंदूरकरांना सांगायला नको.

आमच्याकडे नुसता खरखराट येतो, रेडिओ खराब आहे का?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि माझी निम्मी वहीही याच विषयाने भरली आहे. रेडिओ बहुधा चांगला असतो, घर खराब असतं. तीस वर्षांपूर्वी घरात गोंगाट करणारं फारसं काही नव्हतं. आज एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा अ‍ॅडाप्टर हे सगळे आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात आणि तो कचरा लघुलहरींवर सांडतो. नगरपालिकेची गाडी तो नेत नाही.

सुरुवातीचा महिनाभर माझ्याकडे ४१ मीटरवर एक भुणभुण होती. सिग्नलचा काटा काही न लावता सातवर. मी आधी आकाशाला दोष दिला, मग रेडिओला, मग शेजारच्यांना. शेवटी खात्यातली जुनी सवय कामी आली. रेडिओ सेलवर चालू ठेवला आणि मेन स्विच पाडला. भुणभुण गेली. म्हणजे चोर घरातच. मग एकेक एमसीबी वर करत गेले. हॉल, काही नाही. स्वयंपाकघर, काही नाही. मागच्या खोलीची एमसीबी उचलली आणि काटा सटकन सातवर.

मागच्या खोलीत देवघर आहे. देवांच्या मागे सासूबाईंनी दिव्यांची एक माळ लावली आहे, चौदा रंग बदलणारी, जत्रेतून आणलेली. रेडिओ हातात धरून मी तिच्या काळ्या अ‍ॅडाप्टरजवळ नेला तर तो किंचाळलाच. आता सांगायचं कसं? "आई, तुमच्या माळेमुळे रोमानिया लागत नाही," हे वाक्य मी मनात दोन दिवस फिरवलं. प्रत्यक्षात म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग देव अंधारात ठेवू का?" तोडगा असा निघाला: जेल रोडवरून फेराइटची एक जाड कडी आणली, अ‍ॅडाप्टरची वायर तिच्यातून सात वेळा ओवली. काटा सातवरून तीनवर आला. माळ चालू, रोमानियाही चालू. संध्याकाळी सात ते नऊ माळ बंद आणि समई, हे त्यांनी आपणहून मान्य केलं, का ते विचारलं नाही.

दुसरा आवाज वेगळा होता. कोरडा तडतडाट, उन्हाळ्यात वाढणारा, पाऊस पडला की दोन दिवस गायब. हा मी ओळखला, कारण याच आवाजामागे आम्ही नोकरीत फिरायचो. खांबावरच्या इन्सुलेटरवर धूळ बसली की किंवा बंध सैल झाला की तिथे बारीक ठिणगी पडते. आपली वीज ५० सायकलची, पण ठिणगी प्रत्येक अर्ध्या सायकलला पडते, म्हणून रेडिओत १०० ची गुरगुर येते. खिशातला ट्रांझिस्टर कुठलंही केंद्र नसलेल्या आकड्यावर लावून गल्लीत चालत गेले आणि तिसऱ्या खांबाखाली आवाज सर्वात मोठा झाला. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पाच महिने काही झालं नाही. मग जुन्या ओळखीने एक लाइनमन आला आणि दहा मिनिटांत बंध आवळून गेला. ज्यांची ओळख नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नोकरीतही नव्हतं.

तिसरा आवाज शेजाऱ्यांच्या छतावरच्या सोलर इन्व्हर्टरचा. सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. त्यावर माझा इलाज चालला नाही, म्हणून आता मी सूर्यास्तानंतरच ऐकते.

दिवसा एक केंद्र लागतं, रात्री दुसरंच. असं का?

आयनांबरामुळे. सूर्यामुळे वरच्या हवेतले कण विद्युतभारित होतात आणि त्यांचे थर बनतात. सर्वात खालचा डी थर दिवसा कमी वारंवारतेच्या लहरी गिळतो. रात्री तो विरतो, म्हणून मध्यमलहरी आणि ४९-४१ मीटर रात्री लांब पळतात. वरचा एफ थर, साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटरवरचा, लहरी परत पाठवतो. उच्च वारंवारतेला त्याची घनता लागते, म्हणून १६ आणि १३ मीटर दिवसाचे.

इंदूरचं आकाश काही वेगळं आहे का?

आहे, आणि हे कळलं तेव्हा मी खूप खूश झाले. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून, थुंब्याजवळून जातं. १९६३ मध्ये पहिलं अग्निबाण केंद्र तिथेच काढलं ते म्हणूनच. दिवसा त्या रेषेवरचे भारित कण वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना खाली येतात. उत्तरेकडे ते साचतात तो पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपासचा, म्हणजे आपलाच. दुपारी आपल्या डोक्यावर आयनांबर दाट असतं, ते असं. त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर त्या थरात बुडबुडे उठतात आणि आवाज पंख्यासमोर बोलल्यासारखा थरथरतो. रेडिओ ठोकू नका.

२०२४ हे तसंही सूर्याच्या उधाणाचं वर्ष. अकरा वर्षांचं सौरचक्र शिखराला होतं. १० मे ला, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, वीस वर्षांतलं सर्वात जोरदार भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेने आकाशात लाल उजेड टिपला. इंदुरात मला दिसलं काही नाही, ऐकू मात्र आलं, किंवा ऐकू आलं नाही म्हणा. ११ तारखेच्या माझ्या पानावर एका खाली एक अकरा वारंवारता आहेत आणि प्रत्येकीपुढे शून्य. आधी वाटलं तार तुटली. गच्चीत जाऊन बॅटरीने बघितली, शाबूत होती.

वेळ यूटीसीत का लिहायची?

कारण जगात प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. यूटीसी म्हणजे सगळ्या जगाने मानलेली एकच वेळ. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. मी वर्षभर हे चुकत आले आहे.

परवाना कसा मिळतो? अवघड आहे का?

वय किमान १२. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला रेडिओचं तंत्र आणि नियम एवढंच. जनरलला त्यासोबत मोर्सही, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, मिनिटाला ८ शब्द. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची हाक, म्हणजे सरकारने दिलेलं हवेतलं नाव (कॉल साइन), व्हीयू३ ने सुरू होते, जनरलवाल्यांची व्हीयू२ ने. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्जाआधी पोर्टलवर बघूनच घ्या.

मी फेब्रुवारीत परीक्षा दिली. ओहमचा नियम आणि फ्यूज मला पाठ, पण क्यू कोड, म्हणजे क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी सांकेतिक शब्द, घोकावे लागले. माझ्या बाकाशेजारी आठवीतला मुलगा होता, तो माझ्याआधी पेपर देऊन बाहेर जाऊन सामोसा खात होता. पास होणं सोपं होतं. त्यानंतरची वाट बघणं लांबलं, पोलीस पडताळणी वगैरे. सप्टेंबरात हाक हातात आली. पूर्वी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून लायसन्सचं पुस्तक घ्यावं लागे हे आठवलं की सहा-सात महिने काही वाटत नाहीत. म्हणजे वाटतात, पण कमी.

ऑनलाइन दीड-दोन हजारात वॉकीटॉकी मिळतो. तो घेऊन लगेच बोललं तर?

नाही. परवान्याशिवाय प्रसारण हा गुन्हा आहे. त्या सेटवर चुकीचा आकडा दाबला गेला तर तुम्ही पोलीस किंवा विमानतळाच्या वाहिनीवर असाल, आणि शेजारी महू म्हणजे लष्कराचं सिग्नल शिकवणारं गाव. तिथे कुणी ऐकत नसेल असं समजू नका.

संकटात याचा खरंच उपयोग होतो का?

होतो. २००४ च्या डिसेंबरात हॅमची एक तुकडी हौसेने अंदमानात केंद्र लावायला गेली होती, भारती प्रसाद त्यांच्या प्रमुख. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत होता तो यांचा सेट. बॅटरी, तार आणि एक माणूस, मधे टॉवर नाही की एक्स्चेंज नाही. पण खरं सांगायचं तर उरलेले ३६४ दिवस हॅम लोक एकमेकांना अँटेनाची उंची आणि कालचं हवामान सांगत असतात.

आकाशातून चित्र येतं म्हणे?

येतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून कधीकधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात. अँटेना मी घरीच केला: ४९ सेंटीमीटरच्या दोन सळ्या, मधे १२० अंशांचा कोन. ऑक्टोबरात नवरात्र चालू होतं, मागच्या मैदानावर गरबा दणदणत होता, आणि मी कानाला हेडफोन लावून आकाशाकडे बघत होते. स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं घेतं. शिट्ट्यांसारखा आवाज येतो, तो अ‍ॅपला ऐकवायचा, आणि ते रेघ-रेघ करत दोन मिनिटांत चित्र काढतं. माझं पहिलं चित्र वरून निम्मं स्वच्छ आणि खाली मुंग्या. जावेच्या मुलीने ते स्टेटसला ठेवलं आणि खाली लिहिलं, "काकूने अंतराळातून आणलं."

४२.३४ मीटर हा आकडा तुमच्या भिंतीवर का लिहिलाय?

१९४२ च्या चले जाव आंदोलनात उषा मेहता आणि त्यांचे साथी मुंबईतून जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. त्याची लहर ४२.३४ मीटर. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून पकडेपर्यंत तो चालला. ३०० ला ४२.३४ ने भागून बघा. ७.०८ च्या आसपास येतं, म्हणजे आज हॅमना बोलायला दिलेल्या ४० मीटरच्या पट्ट्यात. हा हिशेब मी लाइट गेलेले असताना रजिस्टराच्या मागच्या पानावर केला आणि दोनदा तपासला.

मग तुमचं पहिलं बोलणं कधी झालं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. माझ्याकडे अजून ट्रान्समीटर नाही, म्हणून रामबागेतल्या एका जुन्या हॅमकाकांच्या खोलीत गेले. मी हट्टाने ७.०८ जवळची रिकामी जागा शोधली. आधी विचारायचं असतं, ही जागा वापरात आहे का. दोनदा विचारलं. मग बटण दाबलं, "सीक्यू सीक्यू", म्हणजे ऐकणाऱ्या कुणीही उत्तर द्या, असं म्हटलं आणि स्वतःचीच हाक विसरले. काकांनी समोर कागद सरकवला. तिसऱ्या हाकेला नाशिकहून उत्तर आलं. सिग्नल पाच-नऊ (म्हणजे स्वच्छ आणि जोरदार), नाव, गाव, अँटेना, सगळं रीतसर. शेवटी ते म्हणाले, "ताई, मराठीत बोललात तरी चालेल." मला तोवर सुचलंच नव्हतं.

त्यांचं कार्ड दिवाळीत आलं. त्यावर वेळ ०२४०, माझ्या रजिस्टरात ८.१०. मी पुन्हा आपलीच वेळ लिहिली होती.